गॉगल घालूनही डोळ्यात कण जातो. फॅब्रिकेशनच्या पोरांसाठी नेमका कुठला चष्मा घ्यावा?

शिरोलीचा_फिटर

नमस्कार मंडळी. आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ग्रिल, गेट, जिने, पत्र्याची शेड अशी कामं असतात. माणसं सहा: दोन वेल्डर, दोन फिटर, दोन हेल्पर. ४ इंची ग्राइंडर तीन, लोखंड कापायची १४ इंची चॉपसॉ एक, आणि साइटवर स्लॅबला फास्टनर मारायला हॅमर ड्रिल.

चष्मे सगळ्यांना दिलेत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी डोळ्यात कण जातोच. चष्मा फुटलेला नसतो, त्याला साधा चरासुद्धा नसतो, आणि कण मात्र आत. पोरं विचारतात, मग घालायचा कशाला? पावसाळ्यात वाफ धरते म्हणून चष्मा कपाळावर चढतो आणि दिवसभर तिथंच राहतो. एका फिटरला जवळचा नंबर आहे, एका वेल्डरला लांबचा. दोघंही घरच्या चष्म्यावरच ग्राइंडर चालवतात.

दुकानदार ४० रुपयांचा दाखवतो आणि ४०० चाही, आणि दोन्हींना 'अनब्रेकेबल' म्हणतो. काय बघून घ्यायचा? एकच चष्मा सगळ्या कामांना चालतो का? नंबरवाल्यांचं काय करायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

---

सेफ्टी_राउंड

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. काच शाबूत आणि कण आत, म्हणजे कण काचेतून आलाच नाही, फटीतून आला. ग्राइंडरचा कण सरळ समोरून क्वचितच येतो. तो छातीवर, गालावर, फेसशिल्डच्या (चेहरा झाकणाऱ्या पारदर्शक ढालीच्या) आतल्या बाजूवर आपटून उडतो आणि भुवईच्या वरच्या किंवा गालाजवळच्या फटीतून शिरतो. म्हणून काच किती मजबूत हे बघायच्या आधी चष्मा चेहऱ्याला किती लागून बसतो ते बघा.

तपासायला एक मिनिट लागतं. माणसाला चष्मा घालून खाली बघायला सांगा, जसा तो जॉबकडे, म्हणजे हातातल्या कामाकडे, बघतो तसं. मोबाइलचा टॉर्च कपाळाच्या वर धरा. उजेडाची तिरीप थेट पापणीवर पडत असेल तर तिथून कणही पडणार. मग टॉर्च कानाच्या बाजूने आणि गालाखालून धरून बघा. भुवई आणि चष्मा यांच्यात करंगळी आरामात जात असेल, तर तो चष्मा त्या चेहऱ्याचा नाही. रुंद चेहरा, बारीक चेहरा, बसकं नाक, प्रत्येकाला वेगळा साचा लागतो. सहा जणांना एकाच डझनातले चष्मे वाटले की दोघा-तिघांना ते नीट बसत नाहीतच. दांड्या लांबीला कमी-जास्त होणाऱ्या, मुळाशी वर-खाली कलणाऱ्या आणि नाकावर मऊ रबर असलेल्या घ्या. दांडी एक-दोन खाचे कलवून बघा, काचेची वरची कड भुवईला टेकली पाहिजे. बरेच जण हा खाचा कधी वापरतच नाहीत.

आता खूण. 'अनब्रेकेबल' या शब्दाला काही अर्थ नाही. काचेच्या कोपऱ्यात आणि दांडीच्या आत बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३, त्याच्यासोबत आयएसआय मार्क आणि लायसन्स नंबर हवा. युरोपचा माल असेल तर ईएन १६६, अमेरिकेचा असेल तर झेड ८७. ईएनमध्ये इंग्रजी 'एस' म्हणजे २२ मिलिमीटरचा, ४३ ग्रॅमचा गोळा सव्वा मीटरच्या आसपास उंचीवरून टाकून केलेली चाचणी. ग्राइंडिंगला ती पुरत नाही. 'एफ' म्हणजे ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारलेली. 'बी' म्हणजे तीच गोळी १२० मीटरने आणि 'ए' म्हणजे १९० मीटरने. दांडीच्या चष्म्याला जास्तीत जास्त एफ मिळतो, पट्ट्याच्या बंद गॉगलला बीपर्यंत, आणि ए फक्त फेसशिल्डला. कुणी दांडीच्या चष्म्यावर 'ए' छापून विकत असेल तर तिथून काहीच घेऊ नका. अमेरिकन मालावर झेड ८७ च्या पुढे अधिकचं चिन्ह हवं. ते नसेल तर तो साध्या मारापुरता आहे. खूण काच आणि फ्रेम दोन्हींवर हवी. काच चांगली आणि फ्रेम भुक्कड असेल तर काच जशीच्या तशी निघून डोळ्यावर येते. नव्या मालावर आयएसओ १६३२१ सुद्धा दिसू लागलंय. त्यात सी म्हणजे ४५, डी म्हणजे ८० आणि ई म्हणजे १२० मीटर.

आता यातला हिशोब नीट बघा, कारण इथंच लोक फसतात. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेगात सेकंदाला साधारण ५७ मीटर पळते. १४ इंची चॉपसॉ ३,८०० फेऱ्यांवर असेल तर ७० मीटर. ठिणगी वजनाने नगण्य असते, ती एफ चष्मा सहज अडवतो. पण चकती फुटली आणि ५ ग्रॅमचा तुकडा सुटला, तर त्याचा मार ८ ज्यूलचा. एफ चाचणीतल्या गोळीचा मार जेमतेम ०.९ ज्यूल. बी गॉगलचा ६ च्या थोडा वर, आणि ए फेसशिल्डचा १५ च्या आसपास. म्हणजे कटिंगला नुसता चष्मा हे फुटलेल्या चकतीचं उत्तर नव्हेच. चष्मा आत, फेसशिल्ड वर, आणि त्या दोन्हींच्या आधी मशीनवर गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण. गार्ड काढून ५ इंची चकती ४ इंची मशीनला लावणं तर अजिबात नको.

फेसशिल्ड घातली म्हणून चष्मा काढायचा नाही. शिल्ड खालून उघडी असते. कण हनुवटीकडून आत जातो, शिल्डवर आपटतो आणि डोळ्यात येतो.

---

लोखंडी_हात

वरच्या सगळ्याला दुजोरा. त्यात एक भर घालतो, कारण शिरोलीकर म्हणतात त्यातले बरेच कण काम चालू असताना जात नाहीत. ते काम संपल्यावर, चष्मा काढताना जातात.

अर्धा तास ग्राइंडिंग झालं की भुवया, कपाळावरचा घाम, टोपीची कड आणि चष्म्याची वरची कड यांवर काळा कीस साठतो. बोट फिरवून बघा, बोट काळं होतं. माणूस मशीन ठेवतो, मान वर करतो, एका हाताने चष्मा ओढतो, आणि तो सगळा कीस डोळ्यात. वर त्याच हातमोज्याने डोळा चोळतो. पोरांना एवढी सवय लावा: मशीन बंद, चकती थांबेपर्यंत चष्मा डोळ्यावर. हातमोजे काढायचे. मान खाली घालायची, डोळे मिटायचे, कपाळ आणि भुवया ओल्या फडक्याने पुसायच्या. मग डोळे मिटलेलेच ठेवून दोन्ही हातांनी चष्मा पुढच्या बाजूला काढायचा. वर कपाळावर ढकलायचा नाही. कपाळावर ढकललेला चष्मा कीस गोळा करतो आणि पुन्हा खाली ओढला की काचेच्या आतून डोळ्यावर सांडतो.

कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं बंद करा. त्या एका सवयीने वर्षाचे निम्मे कण कमी होतील असं माझं मत आहे. हवेने उडवलेला कीस शेजारच्याच्या डोळ्यात जातो, आणि त्याने त्या वेळी चष्मा काढलेला असतो.

हॅमर ड्रिल डोक्यावर धरून स्लॅबला भोक पाडताना दांडीचा चष्मा चालणारच नाही. सिमेंटची भुकटी वरून सरळ भुवईच्या फटीत पडते. तिथं पट्ट्याचा बंद गॉगल, किंवा कडेला फोमची गादी असलेला चष्मा. आणि भुकटी डोळ्यापर्यंत येऊच देऊ नका. जुना रबरी चेंडू अर्धा कापा, मधोमध भोक पाडून ड्रिलबिटवर वाटीसारखा, तोंड वर करून चढवा. बरीचशी भुकटी वाटीत राहते. १० मिलिमीटरच्या बिटला टेनिसचा चेंडू चालतो. बिट जेवढं आत जाईल तशी वाटी खाली सरकली पाहिजे, म्हणून भोक बिटपेक्षा किंचित सैल ठेवा.

आणि चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीची तारीख असते. रेझिनची चकती तीन वर्षांच्या वर वापरायची नसते. ओल लागलेली, वाकलेली, एका बाजूने दाबून ग्राइंडिंगला वापरलेली कटिंग चकती टाकून द्या. २५-३० रुपयांची चकती वाचवून काही मिळत नाही.

---

चष्मेवाला_काका

नंबरवाल्यांबद्दल लिहितो, कारण यात लोकांच्या मनात फार गोंधळ असतो.

घरच्या चष्म्याची काच बहुतेक वेळा सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची असते. दिसायला स्वच्छ, पण मार लागला की टोकदार तुकडे होतात. खनिज काचेची असेल तर आणखी वाईट. मग गिऱ्हाईक म्हणतं, "काका, पॉलिकार्बोनेट बसवून द्या, झालं." नाही होत. पॉलिकार्बोनेटची (मार सोसणाऱ्या प्लास्टिकची) काच साध्या फ्रेममध्ये बसवली तर काच फुटत नाही, फ्रेमच्या खोबणीतून सुटून मागे येते. सेफ्टी फ्रेमची खोबण आतल्या बाजूने उंच असते, काच मागे जाऊच शकत नाही. अशा फ्रेमवर अमेरिकन मानकाची झेड ८७-२ अशी खूण असते, म्हणजे नंबरची काच बसवायला चाचणी झालेली फ्रेम. तिच्यात २ मिलिमीटरपेक्षा पातळ काच बसवू नये. अर्ध्या रिमची, तारेने बांधलेली फ्रेम कारखान्यात आणूच नये.

काचेला पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स. पॉलिकार्बोनेट स्वस्त आणि सगळीकडे मिळतं, पण कडेला बघितलं की रंगाची झालर दिसते. ट्रायव्हेक्स हलकं, नजरेला स्वच्छ आणि थिनरला जास्त टिकणारं, पण महाग आणि ऑर्डर देऊन आणावं लागतं. रंगकाम किंवा सॉल्व्हंट जवळ असेल तर ट्रायव्हेक्सचे पैसे वसूल होतात.

तुमच्या लांबच्या नंबरच्या वेल्डरला नंबर ४-५ च्या आत असेल तर नंबरी सेफ्टी चष्मा करून घ्या. बाहुल्यांमधलं अंतर मोजूनच करा. वक्र फ्रेम असेल तर पहिले दोन-तीन दिवस जमीन खाली-वर वाटते, मग सवय होते. आठवडा गेला तरी डोकं दुखत असेल तर काच परत तपासायला आणायची, सहन करत बसायचं नाही. नंबर मोठा असेल तर कमी वक्र फ्रेम आणि बाजूला जोडलेली ढाल. तेवढा खर्च नको असेल तर चष्म्यावरून घालायचा मोठा सेफ्टी चष्मा मिळतो. घेताना त्याचाच चष्मा घालून वर तो घालून बघायचा. आतल्या चष्म्याची दांडी बाहेरच्याला टेकत असेल तर अर्ध्या तासात कानामागे दुखतं आणि दोन्ही खाली येतात.

जवळच्या नंबरच्या फिटरचा प्रश्न वेगळा आहे. चाळिशीनंतर पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून तो मार्किंग करताना सेफ्टी चष्मा काढतो, घरचा चढवतो, आणि तसाच ग्राइंडर उचलतो. त्याच्यासाठी काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर ओतलेला सेफ्टी चष्मा तयार मिळतो, साधारण दीड, दोन आणि अडीचमध्ये. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि तिरपा नंबर नसेल तर हा उत्तम. आधी डोळे तपासून घ्या, अंदाजाने घेऊ नका.

---

वेल्डर_एकसष्ट

पॉलिकार्बोनेट यूव्ही (अतिनील किरण) अडवतं असं वाचलंय. मग टॅकिंगला, म्हणजे नुसता एक टाका मारायला, पांढरा (पारदर्शक) सेफ्टी चष्मा चालतो ना? हेल्मेट प्रत्येक टाक्याला खाली-वर करायला वेळ जातो.

---

सेफ्टी_राउंड

@वेल्डर_एकसष्ट, नाही चालत. पॉलिकार्बोनेट यूव्ही जवळपास सगळा अडवतं हे खरं. पण आर्कचा झगझगीत उजेड आणि उष्णतेचे किरण ते अडवत नाही, आणि यूव्ही कडेच्या फटीतून, पांढऱ्या भिंतीवरून, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून परतून आत येतो. शिवाय चेहरा भाजतो तो वेगळाच. एक टाकाही काळ्या काचेशिवाय नको. शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर: २.५ मिलिमीटरच्या रॉडला शेड १०, ३.१५ च्या रॉडला १० किंवा ११. गॅस कटिंगला ५ पासून पुढे. गॅसचा शेड ५ चा हिरवा गॉगल आर्कला वापरणं हे सर्रास दिसतं आणि ते चूकच आहे. टाक्यांसाठी वेळ जातो असं वाटत असेल तर आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या, हेल्मेट खाली-वर करायची गरजच राहत नाही. त्याच्या सेन्सरवर स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) किंवा धूळ बसू देऊ नका, आणि बॅटरी सकाळी एकदा तपासा.

पांढरा चष्मा हेल्मेटच्या आत घालायचा, आणि तो फार उपयोगी आहे. वेल्डर हेल्मेट वर करून चिपिंग हॅमरने स्लॅग (वेल्डिंगवरची खपली) ठोकतो तेव्हा तापलेला तुकडा डोळ्यावर उडतो. त्या क्षणाला तोच चष्मा कामी येतो. बाजूला अँगल धरून उभ्या असलेल्या हेल्परलाही पांढरा चष्मा द्या, आणि मधे वेल्डिंगचा पडदा लावा. हेल्पर तोंड फिरवून उभा राहतो आणि समजतो की आपण वाचलो. रात्री सगळ्यात आधी त्याचेच डोळे दुखायला लागतात.

रस्त्यावरचा काळा गॉगल तर घालूच नका. काळेपणामुळे बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवणारी नसेल तर उलट जास्त आत जातो. उन्हात शेड उभारताना रंगीत चष्मा हवाच असेल तर ईएन १७२ ची खूण असलेला घ्या, आणि तो आत अंधाऱ्या शेडमध्ये घालू नका.

---

शिरोलीचा_फिटर

टॉर्च लावून बघितलं. सहापैकी चौघांच्या पापणीवर वरून उजेड पडतो. दांड्या कलतच नाहीत, एका साच्यातल्या आहेत. हे चष्मे बदलतो.

वाफ आणि चऱ्यांबद्दल कुणी सांगेल का? नवे घेतले तरी महिन्यात धुरकट होतात, मग पोरं काढून ठेवतात. आणि एक, हेल्पर टाइल्स-ग्रॅनाइटच्या साइटवर अ‍ॅसिडने फरशी धुवायलाही जातो. त्याला हाच चष्मा चालेल?

---

लोखंडी_हात

धुरकट होतात ते वापरून नाही, पुसून. सिमेंट, वाळू आणि ग्राइंडिंगची धूळ प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या शर्टाच्या टोकाने पुसलं की तुम्ही पॉलिश पेपर फिरवता. आधी नळाखाली धरून धूळ वाहू द्यायची, मग बोटावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने, मग पुन्हा पाणी, आणि मऊ सुती फडक्याने टिपून घ्यायचं. घासायचं नाही. शेडच्या दाराजवळ एक बादली, साबणाची बाटली आणि फडक्यांची पिशवी टांगून ठेवा. चष्मे खिळ्याला टांगायचे, टेबलावर काच खाली करून ठेवायचे नाहीत.

थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन काचेला लावायचं नाही. रंगाचे शिंतोडे काढायला पोरं थिनर लावतात, काच चकचकीत होते आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण पॉलिकार्बोनेट आतून तडकतं. ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून बघा, नाकाजवळ आणि दांडीच्या जोडापाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात. ती काच मार लागला की बिस्किटासारखी तुटते. असा चष्मा हेल्परला द्यायचा नाही, दोन तुकडे करून फेकायचा.

ठिणग्यांचे तपकिरी ठिपके काचेत रुतलेले असतात, ते निघत नाहीत. बाहुलीसमोर आले की काच बदलायची. म्हणून सुट्या काचेचा चष्मा घेणं परवडतं.

वाफेची कारणं दोन. एक, मास्क. साधा कापडी मास्क असेल तर श्वास वर चष्म्यात जातो. नाकावर पट्टी असलेला मास्क घ्या, पट्टी दोन्ही हातांनी नाकावर दाबून बसवा, आणि चष्मा मास्कच्या वर येऊ द्या. दोन, घाम. कपाळाला घामपट्टी बांधा आणि पंख्याचा झोत चेहऱ्याच्या बाजूने सोडा. वाफ न धरणारा थर असलेली काच घ्यायची तर ईएनची इंग्रजी 'एन' खूण बघा, चरे कमी पडण्याची 'के'. दोन्ही असलेला थोडा महाग असतो, पण पावसाळ्यात तोच डोळ्यावर राहतो. हा थर घासल्याने जातो, ओल्या काचेवर बोट फिरवल्यानेही जातो, म्हणून तिथं साबणही फक्त हलका, पाण्यात विरघळवून. थर नसलेल्या चष्म्यावर भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवून वाळू दिला तर तास-दोन तास वाफ धरत नाही. थर असलेल्यावर हे करू नका.

दांडी कानामागे टोचते का तेही बघा. कानपट्ट्या, हेल्मेट आणि चष्मा एकत्र घालायचे असतील तर दांडी पातळ आणि चपटी लागते. जाड दांडीमुळे कानपट्टी उचलली जाते, आवाज आत येतो, आणि दुखलं की पहिला बळी चष्म्याचाच जातो.

---

सेफ्टी_राउंड

अ‍ॅसिडसाठी हाच चष्मा चालणार नाही. थेंब कुठूनही शिरतो. पट्ट्याचा बंद गॉगल हवा, ईएनमध्ये फ्रेमवर ३ आकडा म्हणजे द्रवाच्या शिंतोड्यांसाठी, ४ म्हणजे मोठी धूळ, ५ म्हणजे वायू आणि बारीक धूळ. अमेरिकन मालावर डी ३, डी ४, डी ५. गॉगलवर हवेची भोकं सरळ आरपार असतील तर तो फक्त ठिणग्यांपुरता. अ‍ॅसिडला झाकलेली, वळणाची भोकं हवीत. सरळ भोकं चिकटपट्टीने बंद करून वापरतात, त्यात वाफ धरते आणि माणूस गॉगल वर करतो, नेमकं बाटली उघडताना. आणि वर फेसशिल्ड.

एक गोष्ट ठळक सांगतो: अ‍ॅसिडपेक्षा चुना आणि सिमेंट डोळ्याला जास्त घातक. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो. अ‍ॅसिड वरच्या थराला जाळून थांबतं, अल्कली आत झिरपत जाते. गवंड्याला चष्मा लागत नाही असं समजू नका.

---

नेत्रविभाग_सिस्टर

चष्म्याबद्दल सगळं आलंय. कण गेलाच तर काय करायचं आणि काय टाळायचं ते लिहिते, कारण डोळा बहुधा कणाने जात नाही, त्याच्यावर केलेल्या उपायाने जातो.

साधी धूळ असेल तर स्वच्छ पाण्याची धार, पाण्यात डोळ्यांची उघडझाप, आणि वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढणे. एवढ्याने निघाला तर ठीक. बुबुळावर रुतलेला दिसत असेल, किंवा प्रत्येक उघडझापीला खुपत असेल, तर हात लावायचा नाही. काडीपेटीची काडी, सुई, रुमालाचं टोक, जिभेने कण काढणारी मावशी, काहीही नको. त्याने बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्यातून जंतू शिरतो, बुरशीही होते. लोखंडाचा कण काही तासांतच गंजायला लागतो आणि कडेला तपकिरी वर्तुळ उमटतं. डॉक्टरांना कणासोबत ते वर्तुळही खरवडावं लागतं. म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. "उद्या बघू" म्हटलं की काम वाढतं.

छिन्नीवर हातोडा मारताना, किंवा हातोड्यावर हातोडा आपटताना डोळ्यात काही लागलं, तर ते वेगळं प्रकरण समजा. तो कण धारदार असतो आणि बुबुळ भेदून आत जातो. बाहेरून छोटा लाल ठिपका दिसतो, दुखणंही थोडं, नजरही पहिल्या दिवशी बरी. आणि लोखंड आत राहून डोळा हळूहळू निकामी करतं. डॉक्टरांना हे शब्द नक्की सांगा: "लोखंडावर लोखंड आपटत होतो." मग ते एक्स-रे किंवा सीटी करतील. एमआरआय अजिबात नाही, चुंबकाने आतला कण सरकतो. बाहुली वाकडी दिसत असेल, डोळ्यातून पाण्यासारखं किंवा जेलीसारखं येत असेल, तर डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, पट्टी आवळायची नाही. कागदी कप डोळ्यावर उलटा ठेवून त्याच्या कडा चिकटपट्टीने चेहऱ्याला चिकटवा आणि लगेच निघा. काही खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. ज्या छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलंय ती आजच ग्राइंड करून घ्या. तिथूनच हे तुकडे सुटतात.

चुना, सिमेंट, अ‍ॅसिड गेलं तर एक सेकंद न थांबता पाणी. दवाखान्यात नेण्याआधी, गाडी शोधण्याआधी. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान २० ते ३० मिनिटं सतत धार. चुन्याचे कण पापणीखाली अडकतात, ते भिजलेल्या स्वच्छ कापडाने अलगद उचलून पुन्हा धुवा. दूध, लिंबू, तूप, मध, काही घालू नका. अ‍ॅसिड गेलं म्हणून खाण्याचा सोडा तर नकोच. साइटवर नळ नसेल तर तोंड बारीक असलेल्या एक लिटरच्या चार-पाच बाटल्या पाणी भरून गॉगलच्या शेजारी ठेवा, आणि पाणी रोज बदला.

वेल्डिंगचा उजेड लागला असेल तर दुखायला सहा ते बारा तासांनी सुरुवात होते, बहुतेक रात्री. वाळू भरल्यासारखं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या लावण्याचा रिवाज आहे. गार वाटतं म्हणून बरं वाटतं, पण चिरलेल्या बटाट्याचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. स्वच्छ गार पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर, अंधारी खोली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. एक-दोन दिवसांत भरून येतं. बधिर करणारे थेंब घरी वारंवार घालायचे नाहीत, त्याने दुखणं कळत नाही आणि जखम भरत नाही. मेडिकलमधून स्वतःहून स्टेरॉइडचे थेंब तर कधीच नाहीत, बुरशी असेल तर डोळाच खातात. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कने डोळ्याला चिकटते हे खोटं आहे. पण धुळीच्या कामात लेन्स नको हे खरं, कण तिच्या खाली अडकतो.

---

सेफ्टी_राउंड

@शिरोलीचा_फिटर, तुमच्या सहा जणांसाठी मी अशी खरेदी करीन: एफ खुणेचे, कलणाऱ्या दांडीचे, के आणि एन दोन्ही असलेले पांढरे चष्मे दहा, म्हणजे सहा वापरात आणि चार शिल्लक. त्यातले एक-दोन वाचनाच्या नंबरचे. लांबच्या नंबरच्या वेल्डरचा एक नंबरी वेगळा. फेसशिल्ड तीन, प्रत्येक ग्राइंडरला एक, म्हणजे मशीनसोबतच ती उचलली जाते. बंद गॉगल दोन, एक स्लॅबच्या ड्रिलिंगला आणि एक अ‍ॅसिडला, आणि ते अदलाबदल करायचे नाहीत. सगळ्यांवर मार्करने नाव. एकाच साच्याचे डझनभर घेण्याआधी तीन वेगवेगळ्या साच्यांचे एकेक नमुने आणून सगळ्यांना घालून बघायला लावा. कोल्हापुरात उद्यमनगरला विचारा, आणि मोठी खरेदी असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीचा माल एकत्र बघायला मिळतो. बिलावर मॉडेल नंबर आणि मानकाचा नंबर लिहून घ्या.

फेसशिल्डची काच घेताना जाडी बघा. ०.५ मिलिमीटरची पातळ पारदर्शक शीट दवाखान्यातल्या शिंतोड्यांसाठी असते, ग्राइंडिंगला दीड-दोन मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट लागते.

---

शिरोलीचा_फिटर

सगळ्यांचे आभार. तीन साच्यांचे नमुने उद्या मागवतो. बादली आणि फडकी आजच दाराशी टांगली. छिन्न्या काढून बघितल्या, पाचपैकी तिघींची डोकी पसरलेली निघाली. त्या ग्राइंड करायला दिल्यात. @चष्मेवाला_काका, फिटरला तपासायला शनिवारी पाठवतो. वाचनाचा भाग काचेच्या खाली असतो म्हणता, तर डोक्याच्या वर मार्किंग करताना त्याला दिसेल का?

---

चष्मेवाला_काका

नाही दिसणार, मान मागे टाकावी लागेल. त्याचं निम्मं काम डोक्याच्या वरचं असेल तर वरच्या बाजूलाही वाचनाचा भाग असलेली काच करून घ्यावी लागते, ती नंबरी सेफ्टी फ्रेममध्येच होते. शनिवारी जिथं तपासायला जाईल तिथं त्याने टेप हातात धरून, काम करतो त्या उंचीवर, अंतर मोजून दाखवायला सांगा. वाचायचं अंतर ४० सेंटिमीटर आणि त्याचं कामाचं अंतर ६० असेल तर नंबर वेगळा निघतो.